सकाळचं पहिलं पाऊल टाकवत नाही? टाचदुखीवर टप्प्याटप्प्याने काय करायचं

झोपेतून उठून जमिनीला पाय टेकवला की टाचेच्या आतल्या बाजूला जीवघेणी कळ येते. दहावीस पावलं चाललं की ती उतरते, पण अर्धा तास बसून उठलं की पुन्हा तीच गत. दिवस कलला की तळवा ठणकत राहतो. हे वर्णन तुमच्या दुखण्याशी जुळत असेल, तर बहुतेक वेळा त्याचं कारण प्लांटर फॅसायटिस असतं.

या दुखण्याने ऑपरेशनपर्यंत पोचणारे लोक फार थोडे. दहातल्या आठ-नऊ जणांना ऑपरेशनाशिवाय बरं वाटतं, मात्र त्याला महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. या महिन्यांत रोज काय केलं यावर सगळं अवलंबून असतं. त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आपलं घर. बाहेर जाताना लोक चांगले बूट घालतात आणि घरी आल्यावर व्हिट्रिफाइड टाइल्सवर किंवा कोटा फरशीवर तासन् तास अनवाणी वावरतात. टाचेवरचा बराचसा भार तिथेच पडतो.

आत नेमकं काय बिघडतं

टाचेच्या हाडाच्या खालच्या आतल्या कडेपासून एक जाड, चिवट पट्टा निघतो आणि पुढे पाचही बोटांच्या मुळांशी पसरतो. हाच प्लांटर फॅशिया. धनुष्याला दोरी असते तसा हा पट्टा तळव्याची कमान ताणून धरतो. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वाकली की तो आणखी ताणला जातो, कमान उंचावते आणि पाय पुढे ढकलायला कडक होतो. प्रत्येक पावलागणिक हे घडतं.

हाडाला जिथे हा पट्टा चिकटतो तिथे पेलवेल त्याहून जास्त भार रोज पडत राहिला, तर तंतूंची झीज भरून येत नाही. पट्टा जाड होतो आणि दुखू लागतो. नावात सूज सुचवलेली असली तरी जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झीजच जास्त आढळते. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं, पण पट्टा काही मजबूत होत नाही. त्याला हळूहळू भार पेलायला शिकवावं लागतं.

सकाळीच सर्वांत जास्त का दुखतं? झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं. रात्रभर पोटरी आणि फॅशिया आखडलेल्या स्थितीत राहतात आणि उठल्यावर पहिल्याच पावलाला त्यांच्यावर अख्ख्या शरीराचं वजन येतं.

भार वाढतो कशाने, याची उत्तरं नाशिकमध्ये आजूबाजूलाच दिसतील. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनसमोर उभ्याने काढलेली पाळी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि नंतरची विरळणी, म्हणजे दिवसचे दिवस मान वर करून उभं राहणं. स्वयंपाकघरातला ओटा. शिक्षकांचा वर्ग. त्यात चाळिशी-पन्नाशीचं वय, अलीकडे वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, फार सपाट किंवा फार उंच कमान यांची भर पडते. आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे एकदम उत्साहाने सुरू केलेलं चालणं. एरवी बैठं काम करणारा माणूस जानेवारीत ठरवून रोज पाच किलोमीटर चालू लागतो आणि महिनाभरात टाच धरून बसतो. चालण्यात चूक काहीच नाही. वाढ फार घाईने झाली, एवढंच.

आधी खात्री करा

खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. एका हाताने पायाचा अंगठा मागे, नडगीकडे वाकवा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या मऊ भागाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला, जिथे कमान सुरू होते तिथे दाबा. नेमकी तिथेच ओळखीची कळ उठली तर निदान बरंचसं पक्कं झालं.

आता टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून आवळा. त्यानेच जोरात दुखलं तर हाडाला बारीक तडा असू शकतो. दुखणं टाचेच्या मधोमध, थेट हाडाखाली असेल आणि फक्त कडक जमिनीवर जाणवत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. मागच्या बाजूला, बुटाची कड लागते तिथे दुखत असेल तर ती पोटरीच्या शिरेची, म्हणजे अकिलीस टेंडनची तक्रार. मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर नस दबल्याचा किंवा मधुमेहाचा विचार करावा लागतो. यांचे उपाय वेगळे आहेत.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा: पायावर भार टाकताच येत नाही, पाऊल टाकताना अचानक कट् असं झालं आणि तळव्यावर काळंनिळं पडलं, टाच लाल, गरम, सुजलेली आहे किंवा ताप आहे, आराम करतानाही, रात्रीही दुखतं, पायाला जखम आहे आणि मधुमेह आहे. तिशीच्या आतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असेल, तर मणक्याच्या संधिवाताची तपासणी आवर्जून करा. हे निदान वर्षानुवर्षं राहून जातं. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांची टाचदुखी बहुधा वाढीच्या हाडाशी संबंधित असते, तिला हा लेख लागू नाही.

हाड वाढलंय म्हणजे काय

एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं आणि घरात सगळ्यांना कळतं की 'हाड वाढलंय'. तसं टोक असलेल्या असंख्य लोकांची टाच कधीच दुखत नाही आणि दुखणाऱ्या अनेकांना टोक नसतं. दुखणं बरं झाल्यावरही ते एक्स-रेत तसंच दिसतं. त्यामुळे ते विरघळवायचं औषध शोधण्यात अर्थ नाही. कॅल्शियम साठलं म्हणून दूध बंद करणं तर सरळ चूक आहे. पन्नाशीच्या बाईने दूध सोडलं तर टाचेला काही मिळत नाही, हाडांचं मात्र नुकसान होतं.

पहिला टप्पा: पाय जमिनीला टेकण्याआधी

हा व्यायाम अंथरुणावरच करायचा. उठून बाथरूमला जाऊन आल्यावर केला तर त्याचा मुख्य उपयोग हुकला.

पलंगाच्या कडेला बसा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर भिंतीला टेकून बसा आणि तसाच पाय घ्या. पाचही बोटं मुळाशी धरा, टोकांना धरू नका. बोटं आणि पाऊल नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान चाचपून बघा, पट्टा ताठ लागला पाहिजे. ताठ लागत नसेल तर घोटाही वर वाकवा. दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. एकूण तीन मिनिटंही लागत नाहीत.

दिवसातून तीनदा करा: उठताना, आणि दिवसात दोनदा, जास्त वेळ बसून उठण्याआधी. ऑफिसमधून निघताना किंवा कसारा घाटातून गाडी चालवून आल्यावर उतरण्याआधी करता येतो. कमान ओढली गेल्याचं जाणवलं पाहिजे, कळ येता कामा नये.

यानंतर पाय जमिनीवर नाही, चपलेत जायला हवा. चप्पल रात्रीच पलंगाला लागून ठेवा.

दुसरा टप्पा: घरातली चप्पल

घरात वेगळी, स्वच्छ, फक्त आत वापरायची चप्पल ठेवा. देवघर आणि स्वयंपाकघरात चप्पल चालत नसेल तर ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाका. पायपुसणं किंवा सतरंजी पुरत नाही, एक-दीड सेंटिमीटर जाडीची, पायाखाली पूर्ण न दबणारी मॅट हवी.

चप्पल निवडताना चार गोष्टी हाताने तपासा. टाचेकडची बाजू पुढच्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच असावी. वाकवल्यावर ती बोटांजवळ वाकावी. मधोमध दुमडली तर परत ठेवा. कमानीखाली उंचवटा असावा. आणि मागे पट्टा असला तर उत्तम, कारण मोकळी हवाई चप्पल पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात. सपाट कोल्हापुरी, पातळ स्लीपर, बॅलेरिना हे सगळं सध्या बाजूला ठेवा.

दुकानात 'डॉक्टर चप्पल' किंवा एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल मागितली की मिळते. मऊपणा चांगला, पण नुसता मऊपणा पुरत नाही. टाचेच्या जागी अंगठा दाबून पाहा. खोलगट ठसा तसाच राहिला तर मटेरियल बसलेलं आहे, चप्पल बदला.

बुटात सिलिकॉनचा टाचकप किंवा कमानीला आधार देणारा सुकतळा घाला. एकाच पायाला त्रास असला तरी दोन्ही बुटांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर दुखायला लागते. आधी बुटातला मूळ सुकतळा काढा, म्हणजे टाच बुटाबाहेर निसटणार नाही. मापाप्रमाणे बनवलेले महागडे सुकतळे बहुतेकांच्या बाबतीत तयार सुकतळ्यांपेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत. सुरुवात स्वस्त जोडीने करा.

कारखान्यातल्या सेफ्टी शूजचा तळ कडक असतो आणि आतला सुकतळा बहुधा पातळ. तो बदलणं हा पाळीवर उभ्या असलेल्या माणसासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. फवारणीच्या गमबुटालाही हेच लागू, कारण तो आतून जवळपास सपाट असतो.

तिसरा टप्पा: पोटरी सैल करणं

भिंतीसमोर उभे राहा, तळहात भिंतीवर. दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, पाऊल सरळ भिंतीकडे. पुढचा गुडघा वाकवत शरीर पुढे न्या. मागचा गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद, तीन वेळा. मग मागचा गुडघा थोडा वाकवून पुन्हा तीस सेकंद, तीन वेळा, कारण पोटरीत खोलवर असलेला स्नायू त्याशिवाय ताणला जात नाही. दिवसातून दोनदा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेर वळवणं. तसं केलं की ताण पोटरीऐवजी कमानीवर येतो आणि कमान खचते. पायात बूट किंवा चप्पल असू द्या.

चौथा टप्पा: ताकद, म्हणजे खरी दुरुस्ती

ताणण्याने कळ कमी होते. ती परत येऊ नये यासाठी फॅशियाला भार पेलायला तयार करावं लागतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2014 साली 48 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना टाचेचे सुकतळे दिले होते. एका गटाने ताणण्याचे व्यायाम केले, दुसऱ्याने पुढे दिलेला ताकदीचा. तीन महिन्यांनी ताकदीचा गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षभराने दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे या व्यायामाने सुधारणा लवकर येते. रोज टाच टेकवत कामावर जाणाऱ्या माणसाला ते महिने महत्त्वाचे असतात.

साहित्य: जिन्याची एक पायरी, धरायला कठडा, आणि एक पंचा किंवा हातरुमाल. पंचाची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवा. चवडा पायरीवर, बोटं गुंडाळीवर, टाच हवेत. बोटं पूर्ण वर वाकलेली असली पाहिजेत, त्यानेच फॅशिया ताणाखाली येतो. गुंडाळी पातळ असली तर हा नुसता पोटरीचा व्यायाम होतो.

दुखऱ्या पायावर उभं राहून तीन सेकंदांत टाच वर घ्या, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली आणा. मोठ्याने मोजा, मनात मोजलं की वेग वाढतो. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा.

एक दिवसाआड करा. पहिले दोन आठवडे बाराच्या तीन फेऱ्या. भार असा हवा की बारावं उचलणं कष्टाने व्हावं आणि तेरावं होऊ नये. पुढचे दोन आठवडे भार वाढवून दहाच्या चार फेऱ्या. त्यानंतर आणखी भार घेऊन आठच्या पाच फेऱ्या, आणि तेच तीन महिन्यांपर्यंत. भार वाढवायला पाठीवरची सॅक वापरा. आत पुस्तकं किंवा गव्हाची पिशवी, सुरुवात दोन किलोने. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं थांबा. घरात तोल जाणारी वयस्कर व्यक्ती असेल तर पायरी नको, ओट्याला धरून जमिनीवरच गुंडाळी ठेवून करा.

किती दुखणं चालेल? दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी पहिलं पाऊल नेहमीपेक्षा वाईट असता कामा नये. तसं झालं तर भार कमी करा, व्यायाम सोडू नका. बहुतेक जण इथेच सोडतात. दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून थांबतात, किंवा थोडं दुखलं म्हणून घाबरतात. सहा आठवड्यांच्या आत निकाल मागू नका.

प्रगती मोजायची साधी पद्धत: भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळच्या पहिल्या दहा पावलांना शून्य ते दहा गुण द्या. एका दिवसाकडे बघू नका, आठवड्याची सरासरी बघा. लग्नकार्यात दिवसभर उभं राहिलात तर दोन दिवस आकडा चढेल, ते ठीक आहे.

चालणं बंद करायचं का?

पूर्ण आराम नको. त्याने पट्टा आणखी कमजोर होतो. रोजचं चालणं निम्म्यावर आणा आणि तो वेळ सायकल किंवा पोहण्याला द्या. चालायचं तर डांबर आणि सिमेंटऐवजी मातीचा ट्रॅक बरा. चढ टाळा. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि रामशेजसारखे ट्रेक सकाळचे गुण दोनच्या खाली येईपर्यंत पुढे ढकला. नंतर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका. वजन जास्त असेल तर काही किलो घटल्यानेही टाचेला दिलासा मिळतो, कारण दिवसातल्या हजारो पावलांचा भार कमी होतो.

अनवाणी वारीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणं, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर, आणि आता येऊ घातलेला सिंहस्थ. इथे लाखो लोक चालतात, त्यातले अनेक अनवाणी. टाच आधीच दुखत असताना खडी-डांबरावरून वीस किलोमीटरची फेरी म्हणजे महिन्यांची मेहनत वाया घालवणं आहे. चामडं नको असेल तर जाड तळाचे कापडी बूट घाला आणि मंदिराच्या आवारात काढा. जायचंच ठरलं असेल तर दोन महिने आधी चौथा टप्पा सुरू करा.

शेक, बर्फ, गोळ्या

दिवसअखेर ठणका असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाऊण भाग पाणी गोठवा, मोजा घालून तिच्यावर तळवा दहा मिनिटं फिरवा. आराम तात्पुरता मिळतो, पण झोप बरी लागते. सकाळच्या आखडलेपणाला कोमट पाणी चालतं.

तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकण्याची पद्धत घरोघरी आहे. शेकाने काही वेळ बरं वाटेल, पण रुईचा चीक त्वचेला पोळतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मधुमेह्यांनी तर वीट, बर्फ, डाग देणं यातलं काहीही करू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेलं कळतही नाही.

डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीनदा चोळायला हरकत नाही. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या आठ-दहा दिवसांवर नेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

दवाखान्यात काय विचारायचं

सहा-आठ आठवडे वरचं सगळं नीट करूनही आकडा हलत नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. सोनोग्राफीत फॅशिया चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर निदानाला पुष्टी मिळते. फिजिओथेरपिस्टकडून पायाला न ताणणारी पट्टी बांधायला शिकून घ्या. लग्न, यात्रा, लांबची पाळी अशा दिवसांसाठी ती फार उपयोगी पडते. सकाळची कळ हीच मुख्य तक्रार असेल तर घोटा नव्वद अंशांत धरणारा रात्रीचा स्प्लिंट एक ते तीन महिने वापरून पाहता येतो. झोपमोड होते म्हणून अनेक जण तो सोडतात. पट्टे सैल करून पहिल्या आठवड्यात दोन-तीन तासच घाला.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाबद्दल आमचं मत ठाम आहे: ते पहिला उपाय म्हणून घेऊ नये. आराम खरा मिळतो, पण तो साधारण काही आठवडे ते तीन महिने टिकतो. वारंवार घेतल्यास फॅशिया फाटण्याचा आणि टाचेची चरबी झिजण्याचा धोका असतो. मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते. घ्यायचंच तर व्यायाम करता यावा एवढा दिलासा मिळवण्यासाठी घ्या, आणि कळ गेली म्हणून लगेच पळायला लागू नका, कारण पट्टा अजून कमजोरच असतो. शॉकवेव्ह उपचार, म्हणजे यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देणं, सहा महिने उलटून गेलेल्या हट्टी दुखण्यासाठी आहेत. ते बहुधा आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठकांत होतात, आणि त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. पीआरपी इंजेक्शनाला (रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) खर्च बराच येतो, आणि त्याबाबतचे अभ्यास एकमताचे नाहीत. ऑपरेशनाचा विषय वर्षभर सगळं करून झाल्यावरच काढावा. फॅशिया कापला की कमान खचण्याची शक्यता असते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

सकाळचे गुण सलग चार आठवडे शून्य-एक राहिले की ताणण्याचा व्यायाम दिवसातून एकदाच पुरतो. टाच उचलण्याचा व्यायाम मात्र आठवड्यातून दोनदा चालू ठेवा आणि घरातली चप्पल काढू नका. नवे बूट घेतल्यावर, वजन वाढल्यावर किंवा छाटणीचा हंगाम सुरू झाल्यावर गुण पुन्हा वर जायला लागले, तर त्याच आठवड्यात पहिल्या टप्प्यापासून सुरू करा. चार-पाच दिवसांच्या दुखण्यावर ही मेहनत लवकर लागू पडते.